टेबलावरचा पंचनामा

आमचे अप्पा महसूल खात्यात होते. तलाठी म्हणून लागले, नायब तहसीलदार होऊन निवृत्त झाले. त्यांच्या तोंडी एकच शिवी असायची, आणि ती शिवी आहे हे खात्याबाहेरच्या माणसाला कळायचंही नाही. कुणाबद्दल फारच वाईट मत झालं की म्हणायचे, "तो? टेबलावरचा पंचनामा आहे तो." गारपीट झाली, ओढ्याला पूर येऊन माती वाहून गेली, की तलाठ्यानं जागेवर जाऊन पंचनामा करायचा असतो. पण चिखलात कोण जाणार? मग चावडीत पंख्याखाली बसून नुकसानीचे आकडे भरायचे, पंच म्हणून दोन ओळखीच्या माणसांच्या सह्या घ्यायच्या आणि फाईल वर पाठवून द्यायची. कागद चोख. फक्त त्या शेताच्या बांधावर कुणाचं पाऊल पडलेलं नाही.

हा शब्द मला एका जपानी बाईमुळे सारखा आठवत राहतो. बाईंचं नाव केइको चिबा. सप्टेंबर २००९ ते सप्टेंबर २०१०, असं एकच वर्ष त्या जपानच्या न्यायमंत्री होत्या.

२८ जुलै २०१०. मी पुण्यात जपानी शिकून तोक्योला आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. निशि-कासाईत राहायचे, एका कचेरीत यंत्रांच्या माहितीपुस्तकांचे अनुवाद करायचे. दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात सोबा खात होते. जपानातल्या अशा दुकानांत कोपऱ्यात उंचावर टीव्ही असतो आणि तो कुणी बघत नसतं. त्या दिवशी मात्र शेजारचे आजोबा चॉपस्टिक्स खाली ठेवून बघत होते. सकाळी तोक्योत दोघांना फाशी झाली, अशी बातमी होती. बरोबर वर्षापूर्वी, २८ जुलै २००९ ला तिघांना दिली होती, त्यानंतरची ही पहिलीच. पण आजोबांच्या चॉपस्टिक्स त्यामुळे थांबल्या नव्हत्या. मंत्रीणबाई स्वतः तिथे हजर होत्या, हे सांगत होते. ज्या बाईनं सही केली, तिनं जाऊन ते पाहिलं. जपानच्या इतिहासात असं कुठल्या न्यायमंत्र्यानं केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

आणि ही बाई फाशीच्या विरोधातली. म्हणजे अगदी नाव नोंदवून विरोधातली. फाशी रद्द व्हावी म्हणून झटणाऱ्या खासदारांचा एक गट जपानच्या संसदेत आहे, त्याच्या त्या सदस्य होत्या.

चिबाबाईंचा जन्म १९४८ चा. चुओ विद्यापीठातून कायदा शिकल्या, वकील झाल्या. १९८६ मध्ये समाजवादी पक्षाकडून कानागावा प्रांतातून वरिष्ठ सभागृहात निवडून आल्या, पुढे डेमोक्रॅटिक पक्षात गेल्या. चार वेळा तिथूनच जिंकल्या. ऑगस्ट २००९ मध्ये जपानात सत्तापालट झाला, युकिओ हातोयामा पंतप्रधान झाले आणि त्यांनी न्यायखातं या बाईंकडे दिलं. इथे एक गंमत सांगायलाच हवी. पंतप्रधानांचे धाकटे भाऊ कुनिओ हातोयामा विरुद्ध पक्षातले, आणि दोनच वर्षांपूर्वी तेच न्यायमंत्री होते. त्यांच्या वर्षभराच्या कारकिर्दीत तेरा जणांना फाशी झाली. मंत्र्याच्या सहीची भानगडच नको, सरकत्या पट्ट्यासारखं आपोआप व्हावं, असं ते जाहीरपणे बोलले होते. एका वर्तमानपत्रानं त्यांना 'शिनिगामी' म्हटलं, म्हणजे आपल्याकडचा यमदूत. त्यावर ते भयंकर चिडले होते. फुलपाखरं जमवण्याचा नाद असलेला हा गृहस्थ. एका भावानं पट्टा मागितला आणि दुसऱ्या भावानं त्या खुर्चीत फाशीविरोधी बाई आणून बसवली.

जपानात फाशीच्या सहीचं प्रकरण समजून घेतलं नाही तर या बाईंचं काहीच कळणार नाही. आपल्याकडे दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे जातो, फायलीवर वर्षं जातात, वर्तमानपत्रांत लेख येतात. जपानात शेवटचा हुकूम न्यायमंत्र्याचा. शिक्षा कायम झाल्यापासून सहा महिन्यांत मंत्र्यानं आदेश द्यावा असं फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात लिहिलंय, आणि ते सहसा कुणी पाळत नाही. आदेश निघाला की मात्र पाच दिवसांत काम उरकायचं. कैद्याला त्याच दिवशी सकाळी सांगतात. दाराबाहेर पावलं थांबली की त्याला कळायचं ते कळतं. घरच्यांना नंतर. १९९८ पर्यंत तर फाशी दिली एवढंसुद्धा सरकार जाहीर करत नसे. आकडे तेव्हापासून, आणि नावं डिसेंबर २००७ पासून, तीही त्याच फुलपाखरंवाल्या मंत्र्यांच्या काळात.

सगळा भार असा एका माणसाच्या मनगटावर आल्यामुळे जपानी न्यायमंत्री या विषयात चित्रविचित्र वागलेले आहेत. मेगुमु सातो नावाचे मंत्री १९९० च्या सुमारास होते. ते स्वतः बौद्ध पुरोहित, त्यांनी सही केली नाही. सेइकेन सुगिउरा यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये खुर्चीत बसल्याबसल्या सांगून टाकलं, मी सही करणार नाही, हा मनाचा आणि श्रद्धेचा प्रश्न आहे. तासाभरात ते विधान मागे घेतलं. कुणीतरी कानाशी लागलं असणार. पण कारकीर्द संपेपर्यंत सही केली नाही ती नाहीच. मला हे गृहस्थ आवडतात. शब्द मागे घेतला आणि हात मात्र घेतला नाही.

उलट टोकाला यासुहिरो हानाशी. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका समारंभात हे म्हणाले की न्यायमंत्रिपद हे तसं दुर्लक्षित काम, सकाळी फाशीचा शिक्का मारला तरच दुपारच्या बातम्यांत झळकायला मिळतं. दोन दिवसांत राजीनामा द्यावा लागला. 'शिक्का मारला' म्हणजे जपानीत हांको. इथे आल्यावर बँकेत खातं काढायला मलाही एक करून घ्यावा लागला होता, करंगळीएवढा, त्यावर माझं आडनाव काताकाना लिपीत. लाल शाईच्या डबीत टेकवायचा, कागदावर दाबायचा, आणि टिश्यूनं पुसून ठेवायचा. पुसून ठेवायचा हे मला नेहमी विशेष वाटतं. भारतात फाशीची शिक्षा लिहिल्यावर न्यायाधीश पेनचं निब मोडतात म्हणे. इथे शिक्का पुन्हा डबीत जातो.

तर चिबाबाई. पहिले दहा महिने त्यांनी एकही आदेश काढला नाही. त्या काळात बरंच काही केलं किंवा करू पाहिलं. एप्रिल २०१० मध्ये खुनासारख्या गुन्ह्यांसाठी खटला भरण्याची कालमर्यादा रद्द झाली, ती त्यांच्याच मंत्रिपदात. आधी पंचवीस वर्षं उलटली की खुनी मोकळा, त्याचं नाव कळलं तरी काही करता येत नसे. बळी गेलेल्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली ही मागणी. दुसरी गोष्ट त्यांना जमली नाही, आणि ती मला जवळची. जपानात लग्न झालं की नवराबायकोचं आडनाव एकच लागतं, आणि जवळजवळ नेहमी बदलतं ते बायकोचं. माझी कचेरीतली मैत्रीण लग्नानंतर तीन आठवडे शिक्के, कार्डं आणि पासबुकं बदलत हिंडत होती. ज्यांना हवं त्यांना वेगळं आडनाव ठेवू द्या, असं विधेयक बाईंनी तयार करायला घेतलं. ते अडलं सरकारातल्याच शिझुका कामेई यांच्यापाशी. आता हे कामेई कोण, तर फाशीविरोधी खासदारांच्या त्याच गटाचे म्होरके. एका प्रश्नात खांद्याला खांदा, दुसऱ्यात आडवे. राजकारणावर लिहिणारी मंडळी उजवे-डावे असे दोन कप्पे करतात, तेव्हा मला ही जोडी आठवते.

११ जुलै २०१० ला वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली. कानागावात तीन जागा होत्या. चिबाबाई चौथ्या आल्या. मंत्री असून हरल्या. पंतप्रधान तोवर बदलून नाओतो कान झाले होते, त्यांनी बाईंना पदावर राहायला सांगितलं. जपानच्या राज्यघटनेप्रमाणे निम्म्याहून जास्त मंत्री खासदार असले की पुरे, त्यामुळे कायद्यानं अडचण नव्हती. मतदारांनी नाकारलेली बाई मंत्री कशी, अशी ओरड मात्र झाली. २५ जुलैला त्यांची खासदारकी संपली. आणि २८ तारखेला सकाळी त्या तोक्योतल्या कोसुगेच्या कारागृहात गेल्या. तेव्हा त्या खासदारही नव्हत्या.

का सही केली? हरल्यावर का? मी यावर बरंच वाचलं, आणि जितकं वाचलं तितकी खात्री कमी होत गेली. त्यांचे जुने सहकारी दुखावले, काहींनी तर विश्वासघातच म्हटलं. खात्यातल्या अधिकाऱ्यांनी गळ घातली असेल, नाही असं नाही. पदावर आहे तर पदाचं काम टाळता येत नाही, ही त्यांची भूमिका दिसते. आणि ज्यांना फाशी झाली त्यांचे गुन्हेही डोळ्यांआड करता येत नाहीत. त्यातल्या एकानं २००० साली उत्सुनोमिया शहरात दागिन्यांच्या दुकानातल्या सहा बायकांना बांधून पेटवून दिलं होतं. सहा. हे वाचल्यावर मीही बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

फाशीबद्दल माझं मत विचाराल तर ते दिवसागणिक बदलतं. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात कसाबला फाशी दिली, तीही गुपचूप, आणि बातमी आली तेव्हा इथे दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती. मला हायसं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? मग सप्टेंबर २०२४ मध्ये इवाओ हाकामादा निर्दोष सुटले. १९६६ मध्ये पकडलेला माणूस, एकेकाळचा मुष्टियोद्धा, १९८० मध्ये फाशी कायम झालेली, आणि निर्दोष ठरला तेव्हा वय वर्षं ८८. पुरावा म्हणून आणलेले रक्ताचे कपडे तपासयंत्रणेनंच बनवलेले होते, असं न्यायालय म्हणालं. २०१४ मध्ये तुरुंगाबाहेर आले तरी मन केव्हाच कुठेतरी निघून गेलेलं. त्यांच्यासाठी लढली ती थोरली बहीण, हिदेको, नव्वदी ओलांडलेली. टीव्हीवर ती हसत होती. इतक्या वर्षांत इतके न्यायमंत्री झाले, त्यातल्या एकानं एका सकाळी शिक्का दाबला असता तर तिला हसायला कारणच उरलं नसतं. जपानात दर पाच वर्षांनी सरकार लोकांना फाशीबद्दल विचारतं. चिबाबाईंच्या वर्षी निकाल आला तो ८५.६ टक्के बाजूनं. पण त्या पर्यायाचे शब्द बघा: 'यामु ओ एनाइ'. याचा अर्थ हवी असा नाही. नाइलाज आहे, असा आहे. पंच्याऐंशी टक्के लोकांचा नाइलाज.

आणि एक शब्द चिबाबाईंचा स्वतःचा. त्या दुपारी पत्रकारांना त्यांनी सांगितलं की आदेश दिला ती व्यक्ती म्हणून ते 'मितोदोकेरु' करणं ही आपली जबाबदारी होती. हा शब्द माझ्या पोटात अडकून बसलाय. 'मि' म्हणजे पाहणं, 'तोदोकेरु' म्हणजे पोचतं करणं. डोळ्यांनी शेवटापर्यंत पोचवणं. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांसाठीही हा शब्द वापरतात. मी अनुवादाचं खाते, पण याला मराठी शब्द सापडेना. 'साक्षीदार होणं' म्हटलं तर कोर्टाचा वास येतो. 'पाहणं' फार उथळ. शेवटी आईचं बोलणं आठवलं. शेजारचं कुणी गेलं की अप्पा स्मशानातून परत येऊन बाहेरच्या नळावर पाय धुवायचे आणि ती आतून विचारायची, "आलात पोचवून?" तो शब्द सगळ्यांत जवळचा. चिबाबाई दोघांना पोचवून आल्या. फरक एवढाच की पाठवणाऱ्याही त्याच होत्या.

महिन्याभरानं, २७ ऑगस्टला, त्यांनी आणखी एक केलं. फाशीची जागा पत्रकारांना उघडून दाखवली. कारागृहाच्या आवारात पत्रकारांना नेलं ते पडदे ओढलेल्या गाडीतून. मग टीव्हीवर सगळ्या देशानं पाहिलं. लाकडी भिंतींची, गालिचा घातलेली, एखाद्या बऱ्या हॉटेलच्या बैठकीसारखी खोली. जमिनीवर लाल चौकोन, साधारण ११० सेंटीमीटरचा, तो खाली उघडतो. काचेपलीकडे अधिकाऱ्यांची पाहायची जागा. अलीकडे एक छोटी खोली, तिथे बुद्धाचा देव्हारा, शेवटचं बोलायला. आणि एका भिंतीवर तीन बटणं ओळीनं. तीन कर्मचारी एकाच वेळी दाबतात, आपल्या बटणानं झालं की दुसऱ्याच्या, हे कुणालाच कळू नये म्हणून. दोर मात्र काढून ठेवला होता.

ती तीन बटणं बघून मला वाटलं, ही सगळी व्यवस्थाच टेबलावरचा पंचनामा आहे. कुणीच जागेवर नसतं. बटण दाबणाऱ्याला आपण दाबलं की नाही ते माहीत नाही, मंत्री कासुमिगासेकीच्या कचेरीत, आणि लोक दुपारच्या सोब्यावर. त्यात ही एक बाई उठून तिथवर गेली.

त्यांनी खात्यात फाशीवर अभ्यासगटही नेमला. सप्टेंबरात त्या गेल्या. त्यांच्या जागी आलेले मिनोरू यानागिदा दोन महिन्यांत बोलून गेले की हे खातं सोपं आहे, दोनच वाक्यं पाठ असली की झालं: एकेका प्रकरणावर बोलणार नाही, आणि कायद्याप्रमाणे योग्य ते चाललंय. त्यांनाही जावं लागलं. अभ्यासगट मार्च २०१२ मध्ये गुंडाळला, दोन्ही बाजू मांडणारा अहवाल आला, आणि त्याच महिन्यात तिघांना फाशी झाली. म्हणजे हिशेब मांडला तर बाईंच्या हाती काय लागलं? कोसुगेची ती खोली त्यानंतर कॅमेऱ्यांना बंदच आहे.

अप्पा २०१९ च्या वसंतात इथे आले होते. निक्कोची देवळं बघून आम्ही परतत होतो, शेवटचा टप्पा साध्या, प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीनं. कोसुगे आलं. फलाटासमोरच ती अवाढव्य राखाडी इमारत पंख पसरून उभी असते. अप्पांनी विचारलं, "हॉस्पिटल का गं हे?" मी म्हटलं, तुरुंग आहे. आदल्या वर्षी जुलैत, तोक्योच्या मेट्रोत विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिन्रिक्यो पंथाच्या म्होरक्याला, असाहाराला, इथेच फाशी झाली, आणि निसान मोटार कंपनीचा माजी प्रमुख कार्लोस गोन तेव्हा इथूनच आत-बाहेर करत होता. पाठोपाठ चिबाबाईंचंही सांगायला लागले, तोवर अप्पा उठून दाराशी गेलेले. "चल. बघून येऊ." बहात्तर वर्षांचा माणूस, दिवसभर देवळांच्या पायऱ्या चढून आलेला.

आम्ही भिंतीच्या कडेकडेनं चाललो. बघण्यासारखं काही नाही. उंच भिंतही नाही म्हणावी अशी, पलीकडे कालव्यासारखी नदी, एक माणूस कुत्रं फिरवतोय. फाटकासमोर एक दुकान आहे, आतल्या कैद्यांना द्यायच्या वस्तूंचं. बिस्किटं, फळांचे डबे, मासिकं. तुम्ही पैसे भरायचे, दुकानवाले आत पोचवतात. अप्पा बिस्किटांच्या किमती वाचायला लावत होते आणि मनात रुपये करत होते. मी चिबाबाईंची गोष्ट पुरी केली. विरोध, सही, हजेरी, पत्रकार, सगळं. थोडं रंगवूनच सांगितलं असणार, कारण मला वाटत होतं अप्पांना ही बाई आवडेल.

अप्पांनी एकच विचारलं.

"आधी गेली का नंतर?"

"म्हणजे?"

"सही आधी का जागेवर जाणं आधी?"

"सही आधी. मग गेल्या."

ते "हं" म्हणाले. आम्ही स्टेशनाकडे वळलो. मला जरा रागच आला होता. एवढं तरी कुणी केलं? मी तसं बोललेही. ते काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर मात्र, किता-सेन्जूच्या पुलावर नदी लागली तेव्हा, त्यांनी एक जुनी गोष्ट काढली. मला ती अर्धवट माहीत होती. अतिक्रमण काढायचा आदेश होता, ओढ्याकाठची पंधरावीस घरं. कागद रीतसर होते, नोटिसा बजावून झालेल्या, अप्पांची सही होती. कामाच्या दिवशी त्यांनी तिथे असायलाच हवं असं नव्हतं, पण गेले. लोक सामान काढत होते. एका माणसाचे दोन्ही हात पत्र्याच्या पेटीला गुंतलेले, त्यानं बगलेतलं भिंतीवरचं घड्याळ अप्पांच्या हातात दिलं. "जरा धरा साहेब." आणि तो पेटी घेऊन गेला तो गर्दीत दिसेनाच. जेसीबी चालू झाला. अप्पा दीड तास ते घड्याळ छातीशी धरून उभे होते. खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आला तो, घेऊन गेला."

स्टेशनं जात राहिली. त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं झोप लागली. कायाबाचोला गाडी बदलायला उठवलं तेव्हा म्हणाले, "चालू होतं गं ते. शर्टातून टिकटिक लागत होती."